कच्चा लिंबू आणि हाफलिंग : ‘ब्लड बोल’मधल्या असमतोलाविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक, सुरू करू या.

आज मी खिशातून दोन बारक्या मूर्ती आणल्यात. (दोन मूर्ती टेबलावर ठेवतात.) लांबून दिसणार नाहीत, म्हणून सांगतो. हा दाढीवाला, अंगावर लोखंड, चेहऱ्यावर कायमचा वैताग, हा ड्वॉर्फ. हा दुसरा, पोट सुटलेला, जेवणावरून उठवून आणल्यासारखा, हा हाफलिंग. दोघं एकाच खेळातले खेळाडू. ड्वॉर्फनं या हाफलिंगला एकदा धडक दिली, तर हाफलिंगला उचलून मैदानाबाहेर न्यावं लागण्याची शक्यता साधारण चारात एक. एका धडकेत! आणि एका सामन्यात अशा धडका डझनांनी होतात.

या मालिकेत आपण नाटक, सिनेमा, पुस्तकं यांची समीक्षा ऐकता. खेळाची समीक्षा म्हणजे काय बुवा, असं मला संयोजकांनीही विचारलं. माझं उत्तर साधं आहे. नियम हाही कुणीतरी लिहिलेला मजकूरच असतो. लिहिणाऱ्याची न्यायाबद्दलची समजूत त्यात उतरलेली असते. नाटक तपासतो तसे नियमही तपासता येतात. तर आजचा प्रश्न असा, की ज्या खेळात एक संघ असा आणि दुसरा तसा, तो खेळ चांगला म्हणायचा का? ‘समतोल नाही, सबब खेळ फसला’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. मला तो निकाल मान्य नाही. पण ‘मजेसाठी आहे हो, चालतंय’ हेही मान्य नाही. कारण या एका खेळात तीन वेगवेगळे असमतोल आहेत, आणि तिघांना एकाच मापानं मोजलं की चूक होते.

खेळ आहे काय

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ब्लड बोल’ हा नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या इंग्लिश कंपनीचा खेळ. रचनाकार जर्विस जॉन्सन, पहिली आवृत्ती १९८६ ची. या कंपनीचं ‘वॉरहॅमर’ नावाचं एक काल्पनिक जग आहे. ऑर्क, एल्फ, ड्वॉर्फ, हाडांचे सापळे, सगळा गोतावळा. एरवी तिथं युद्धं चालतात. इथं कल्पना अशी, की ही मंडळी युद्धाऐवजी अमेरिकन फुटबॉल खेळतात. म्हणजे मारामारी आहेच, फक्त मध्ये एक चेंडू आहे. (हशा) त्यांच्या देवाचं नावसुद्धा नफल. अमेरिकेतल्या एनएफएल या लीगच्या नावावरची ती कोटी आहे.

पट २६ घरं लांब, १५ घरं रुंद. मैदानावर प्रत्येकी ११ खेळाडू, संघात जास्तीत जास्त १६. दोन अर्ध, आणि प्रत्येक अर्धात प्रत्येकाला आठ टर्न. चेंडू पलीकडच्या शेवटच्या रांगेत नेला की टचडाउन, म्हणजे एक गुण. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीनं खेळाचा आजचा सांगाडा बसवला. त्यातला मुख्य नियम म्हणजे, आपल्या टर्नमध्ये आपलाच खेळाडू आपटला की टर्न तिथंच संपली. बाकीचे दहा जण हलायचे राहिले असतील तर राहिले. त्यामुळे हा खेळ मुळात फाशांचा नाही, क्रमाचा आहे. आधी सुरक्षित काम, मग धोक्याचं. कोच चांगला की वाईट हे त्यावरून कळतं.

आता पैसा. प्रत्येक कोचला सुरुवातीला १० लाख सोन्याची नाणी मिळतात. सगळ्यांना सारखी. त्यात खेळाडू विकत घ्यायचे. मी २०२० ची आवृत्ती धरून बोलतोय, कारण आमच्या टेबलावर तीच असते. हाफलिंग ३०,००० ला, माणसांच्या संघातला साधा खेळाडू ५०,००० ला, ड्वॉर्फ ब्लॉकर ७०,००० ला. वाटतं, झाला की न्याय! दुबळा स्वस्त, दणकट महाग, हिशेब चुकता.

पण नीट बघा. एका ड्वॉर्फच्या पैशात दोन हाफलिंग येतात, वर १०,००० उरतात. मैदानात मात्र अकराच उभे करता येतात! जास्तीचे हाफलिंग बाकावर बसून राहतात. सगळ्यांना पैसे सारखे आणि मैदानावर डोकी सारखी, या दोन समानता एकाच वेळी ठेवल्या की स्वस्त खेळाडूचा संघ मार खाणारच. ही नजरचूक नाही. हाफलिंग कमजोर असावेत असंच लिहिणाऱ्याच्या मनात आहे.

चारात एक कसं येतं

मघाशी आकडा सांगितला, तो मांडून दाखवतो. कंटाळू नका, दोनच मिनिटं.

धडकेचा फासा सहा बाजूंचा. एक बाजू ‘मारणारा पडला’, एक ‘दोघं पडले’, दोन ‘नुसतं ढकललं’, एक ‘समोरचा अडखळला’, एक ‘समोरचा आडवा’. ज्याची ताकद जास्त तो दोन फासे टाकतो आणि हवा तो निवडतो. ड्वॉर्फची ताकद ३, हाफलिंगची २. म्हणजे ड्वॉर्फला कुणाच्या मदतीशिवाय दोन फासे. त्याच्याकडे ‘ब्लॉक’ हे कौशल्य आहे, त्यामुळे ‘दोघं पडले’ आलं तरी तो उभाच राहतो. ‘टॅकल’ही आहे, त्यामुळे अडखळलेल्या हाफलिंगला अंग चोरून निसटता येत नाही. एकूण सहापैकी तीन बाजू हाफलिंगला पाडतात. दोन फाशांत एक तरी तशी येण्याची शक्यता ७५ टक्के. आणि ड्वॉर्फ स्वतः पडण्याची? ३६ त एक.

पडल्यावर चिलखत. दोन फाशांची बेरीज ७ किंवा जास्त आली की हाफलिंगचं चिलखत फुटलं. ३६ पैकी २१ वेळा. मग जखम. चिमुकल्यांसाठी जखमेचा तक्ता वेगळा आणि जास्त कडक. पुन्हा ७ किंवा जास्त आले की गडी मैदानाबाहेर, पुन्हा ३६ पैकी २१. हे दोन गुणले की ३४ टक्के. त्याला आधीचे ७५ टक्के गुणा. पंचवीस टक्क्यांच्या थोडं वर. झाला आपला चारात एक.

आता हाच हिशेब पडलेल्या ड्वॉर्फला लावा. चिलखत फुटायला १० लागतात, म्हणजे ३६ पैकी ६. टाळकं जाड, त्यामुळे बाहेर जायला ९ लागतात, ३६ पैकी १०. दोन्ही मिळून पाच टक्क्यांच्याही आत. एकाची किंमत दुसऱ्याच्या सव्वादोन पट, पडल्यावर मैदानाबाहेर जाण्याच्या शक्यतेत फरक सात पटींचा.

मग हाफलिंगकडे आहे काय? बऱ्याच गमतीच्या गोष्टी आहेत. तो कितीही गर्दीतून निसटतो. समोर टॅकलवाला नसेल तर निसटण्याची शक्यता नवात आठ. संघात दोन ट्रीमन घेता येतात, म्हणजे चालतीबोलती झाडं. ताकद ६. झाड हाफलिंगला उचलून चेंडूसकट पुढं फेकू शकतं. (हशा) आणि एक खानसामा आहे, मास्टर शेफ. इतर संघांना तो ३ लाखांना, हाफलिंगांना १ लाखाला. प्रत्येक अर्धाच्या सुरुवातीला तीन फासे टाकायचे. ४ किंवा जास्त आलेल्या प्रत्येक फाशामागे प्रतिस्पर्ध्याचा एक री-रोल जातो आणि आपल्याला एक मिळतो. म्हणजे जेवणाचा वास सुटला आणि पलीकडच्या संघाचं लक्ष उडालं.

एवढं सगळं धरूनही हाफलिंग बहुतेक सामने हरतात. आणि हे नियमपुस्तक लपवत नाही. २०२० च्या पुस्तकात प्रत्येक संघापुढं त्याची श्रेणी छापली आहे, एक, दोन किंवा तीन. हाफलिंग, गॉब्लिन, ओगर तिसऱ्या श्रेणीत. हा पहिला असमतोल. जाहीर केलेला.

माझी चूक

इथं घरातली एक गोष्ट सांगतो, कारण या विषयावर मी मत बनवलं ते पुस्तक वाचून नाही.

आमची सहा जणांची छोटी लीग आहे. रविवारी दुपारी, जेवणाचं टेबल आवरून. माझी भाची कॉलेजात आहे, तीही खेळायला लागली. संघांची यादी चाळली आणि म्हणाली, “ज्या संघात स्वयंपाकी आहे तो माझा.” मी समजावलं, की बाई, हा संघ हरतो, पुस्तकातच लिहिलंय. म्हणाली, “वाचलंय मी.”

पहिले दोन सामने हरली. तिसरा माझ्याशी. माझे ड्वॉर्फ. पहिला अर्ध संपला तेव्हा दोन-शून्य, आणि दुसऱ्या अर्धाच्या मध्यावर तिचे पाच जण उरले होते, त्यात एक झाड. मला वाईट वाटायला लागलं. मी काय केलं, तर मारणं थांबवलं. ड्वॉर्फ इकडून तिकडं नुसते सरकवायला लागलो. दोन टर्न तसं चाललं. तिनं हातातले फासे खाली ठेवले.

“मामा, तू खेळत नाहीयेस.”

“अगं, खेळतोय की.”

“नाही. दोन टर्न झाल्या, एकही ब्लॉक केला नाहीस. मला कच्चा लिंबू केलंयस.”

कच्चा लिंबू! आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. काही घरांत दूधभात म्हणतात. लपाछपीत, पकडापकडीत घरातलं सगळ्यात लहान मूल असतं. त्याला खेळू देतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. पकडलं तरी ते आउट होत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला यात आनंद असतो. पण एक दिवस त्याच्या लक्षात येतं, की आपण आउट होत नाही तसं आपण कुणाला पकडलं तर तेही धरत नाहीत. त्या दिवशी ते मूल रडतं. हरल्याबद्दल रडत नाही. आपण खेळातच नव्हतो हे कळल्यामुळं रडतं.

मी माफी मागितली आणि पुढच्या टर्नला दोन ब्लॉक केले. एक हाफलिंग गेला. शेवटच्या टर्नला तिनं झाडाकडून चेंडूवाला हाफलिंग फेकला. तो हवेत बरोबर गेला आणि डोक्यावर पडला. सामना दोन-शून्यच राहिला. ती खूश होती. मला मात्र घरी जाईपर्यंत ओशाळं वाटत राहिलं.

त्या दिवशी मला समजलं ते सांगतो. दुबळ्याला मदत करण्याच्या दोन रीती आहेत. एक त्याला खेळाबाहेर ठेवून सांभाळते. त्याची हार मोजत नाही, म्हणून त्याची जीतही मोजत नाही. दुसरी त्याच्या हातात काहीतरी देते आणि म्हणते, आता खेळ. खानसामा ही दुसऱ्या रीतीची मदत आहे. चोरलेला री-रोल कधी वापरायचा हे हाफलिंगच्या कोचनं ठरवायचं असतं. वाया घालवला तर वाया गेला. आणि हाफलिंगनं टचडाउन केला, तर तो ड्वॉर्फच्या टचडाउनइतकाच, एक पूर्ण गुण. जर्विस जॉन्सन यांच्या रचनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. त्यांनी दुबळा संघ दिला, पण कच्चा लिंबू दिला नाही. तो मी केला.

दुसरा असमतोल : न सांगितलेला

आता टीका. कारण सगळं असं गोडीगुलाबीचं नाही.

२००० नंतरच्या दशकात ‘जिवंत नियमपुस्तक’ नावाची एक सुंदर पद्धत चालली. नियम फुकट उतरवून घेता यायचे आणि एक समिती खेळणाऱ्यांचं ऐकून ते सुधारत राहायची. त्या परंपरेतल्या शेवटच्या पुस्तकात तीन कौशल्यं एकत्र आली आणि कुप्रसिद्ध झाली. ‘क्लॉ’ म्हणजे नखं, ‘मायटी ब्लो’ म्हणजे जबर तडाखा, आणि ‘पायलिंग ऑन’ म्हणजे पडलेल्याच्या अंगावर उडी. खेळणारे या त्रिकुटाला ‘क्लॉपॉम्ब’ म्हणायचे.

काय व्हायचं बघा. ड्वॉर्फचं चिलखत १० ला फुटतं. नखं असली की ते ८ ला फुटतं, मग आत लोखंड कितीही असो. तडाख्याचा एक मिळवा, ७ ला फुटतं. आणि ७ हे कुणाचं चिलखत? हाफलिंगचं! ड्वॉर्फचा हाफलिंग झाला. वर पहिल्या वेळी फुटलं नाही तर अंगावर उडी टाकून फासे पुन्हा. दोन संधी मिळून शक्यता ८३ टक्क्यांच्या आसपास. मूळची होती १७.

आता म्हणाल, हाफलिंगबद्दल तक्रार नाही आणि ड्वॉर्फबद्दल गळा काढताय? हो, कारण फरक आहे. माझ्या भाचीनं ३०,००० ला हाफलिंग घेतला तेव्हा तिला ठाऊक होतं काय घेतोय ते. ड्वॉर्फवाल्यानं ७०,००० मोजले ते त्या चिलखतासाठी. ते त्याच्या अंगावरून उतरवलं गेलं आणि बिल तेवढंच राहिलं.

यामागं हिशेबाची चूक आहे. त्या पुस्तकात साधं कौशल्य शिकलं की खेळाडूची किंमत २०,००० नं वाढायची. केऑससारख्या संघाला ही तिन्ही साध्या दरात मिळायची, म्हणजे ६०,०००. दोन हाफलिंगांची किंमत. पण किंमत बेरजेनं वाढत होती आणि मारकपणा गुणाकारानं. सुटी सुटी तिन्ही कौशल्यं वाजवी होती. एकत्र आली की त्यांचं मोल तिपटीच्या पुष्कळ वर जायचं, आणि किंमत मात्र तिपटीवरच थांबायची.

सुधारणा झाली, पण हळूहळू. २०१६ च्या आवृत्तीत अंगावर उडी टाकून फासे पुन्हा टाकायचे तर संघाचा री-रोल खर्च करावा लागू लागला. २०२० मध्ये ते कौशल्यच काढलं, आणि नखं व तडाखा एकमेकांत मिळवता येऊ नयेत अशी शब्दरचना केली. मधल्या काळात हंगाम अर्धवट सोडून गेलेले लोक मला माहीत आहेत. ते हरल्यामुळं गेले नाहीत. आपला टर्न आला की पटावर तीन-चारच माणसं उभी, ठरवण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून गेले.

तिसरा असमतोल : साठत जाणारा

तिसरा असमतोल लीगचा. इथं खेळाडू अनुभव मिळवतात, शिकतात, मरतातही. जिंकणारा जास्त शिकतो, त्यामुळे आणखी जिंकतो. गावातल्या सावकारीसारखं आहे, व्याजावर व्याज चढत जातं.

यावर खेळानं दोन उपाय योजले. पहिला ‘इंड्यूसमेंट’चा. दोन संघांच्या एकूण मूल्यात जो फरक असेल तेवढे पैसे कमी मूल्याच्या संघाला त्या सामन्यापुरते मिळतात. त्यातून भाड्यानं नामांकित खेळाडू आणा, जादूगार आणा, पंचाला लाच द्या. हो, लाच! अधिकृत दर १ लाख, गॉब्लिनांना सवलतीत ५०,०००. (हशा) उपहास आहे, पण आतला विचार चोख आहे. ही मदतसुद्धा दुसऱ्या रीतीची. गुण फुकट देत नाही, साधन देते. दुसरा उपाय म्हणजे हंगाम संपला की ठरलेल्या रकमेत संघ पुन्हा बांधायचा. शिकलेले खेळाडू ठेवायचे तर त्यांची वाढलेली किंमत भरायची. म्हणजे साठलेलं एकदा सगळ्यांपुढं मोजलं जातं.

पण एक गोष्ट अजून मला खटकते, आणि ती माझ्या भाचीच्या हाफलिंगांशीही जोडलेली आहे. हाफलिंगना मारून माझ्या ड्वॉर्फना अनुभवाचे गुण मिळतात. ते गुण घेऊन मी पुढच्या रविवारी तिसऱ्याच कुणाच्या समोर बसतो. त्या तिसऱ्यानं काही निवडलेलं नसतं. म्हणजे ‘मी दुबळा संघ निवडला, माझं मी बघेन’ हे लीगमध्ये पूर्ण खरं नाही. एकाच्या हौसेचं बिल थोडं थोडं सगळ्यांना येतं. इंड्यूसमेंट ते काही अंशी भरून काढतं. सगळं नाही. हा दोष मी रचनेचा मानतो.

मग मोजायचं कशानं?

समतोल मोजण्याचं नेहमीचं माप म्हणजे विजयदर. ऑनलाइन खेळल्या गेलेल्या लाखो सामन्यांच्या नोंदी आहेत, लोक त्यांचे तक्ते करतात. उपयोगी आहेत. पण विजयदर दोन गोष्टी एकत्र मोजतो, संघ आणि संघ निवडणारा माणूस. १९९४ च्या आणि २०१६ च्या खोक्यांत माणसं आणि ऑर्क हे दोन संघ होते, म्हणजे नवखे लोक बहुधा त्यांनीच सुरुवात करणार. वुड एल्फ नाजूक आणि चपळ, तो हाताळायला मुरलेला कोच लागतो. मग एल्फचा दर वर दिसला तर श्रेय कुणाचं? संघाचं की कोचचं? तक्ता ते सांगत नाही.

शिवाय सगळे संघ ५० टक्क्यांवर आणायचे तर सोपा मार्ग आहे, सगळे सारखे करून टाका. बुद्धिबळात पांढरे आणि काळे सारखेच असतात. तो थोर खेळ आहे, पण त्याला हाफलिंग सांगता येत नाही. ब्लड बोलला तो सांगायचा आहे.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. एक, हा असमतोल आधी सांगितलेला आहे का? दोन, ज्याला तो सोसायचाय त्यानं तो निवडला का? तीन, मागे पडलेल्याला आपल्या टर्नमध्ये ठरवण्यासारखं काही उरतं का, आणि त्यानं केलेला गुण पूर्ण गुण धरला जातो का? हाफलिंग पहिल्या दोन प्रश्नांत पास होतात. तिसऱ्यात काठावर, कारण पाच जण उरले की ठरवण्यासारखं फार नसतं, पण झाड असेपर्यंत काहीतरी असतं. क्लॉपॉम्ब तिन्ही प्रश्नांत नापास. आणि त्या दुपारचा माझा दयाळूपणाही नापास. तो सांगून केलेला नव्हता, तिनं निवडलेला नव्हता, आणि तिनं केलेल्या गुणाला त्यानं काही अर्थ उरला नसता.

एवढंच मला म्हणायचं होतं. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : स्पर्धांमध्ये खालच्या श्रेणीच्या संघांना जास्त पैसे किंवा जास्तीची कौशल्यं देतात. शिवाय चिमुकल्या संघांत पहिला येणाऱ्याला वेगळं बक्षीस असतं. हे कच्चा लिंबू नाही का?*

चांगला प्रश्न. जास्तीचे पैसे आणि कौशल्यं, नाही. ती आधी जाहीर होतात आणि वापरावी लागतात. वेगळ्या बक्षिसाबद्दल माझं मन थोडं दोलायमान आहे. पण त्या संघांचे सामने मुख्य तक्त्यातही पूर्ण धरले जातात. सगळ्यांत खाली असलेल्यांची आपसात वेगळी चुरस लागते, एवढंच. मुख्य तक्त्यातून काढून टाकलं असतं तर मी विरोध केला असता.

*प्रश्न : हाफलिंगशी खेळणाऱ्याचं काय? त्याला जिंकून काय मिळतं? हरला तर मात्र सगळे हसतात.*

(हसून) ते दुःख मी भोगलेलं आहे. पुढच्या हंगामात भाचीनं मला एक-एक असं बरोबरीत रोखलं आणि सगळी लीग आठवडाभर मला फोटो पाठवत होती. खरं सांगायचं तर हाफलिंगसमोर तुम्ही कसे जिंकता हे बघण्यासारखं असतं. पुढं असताना ढिलाई करता का, शेवटी उगाच क्रूर होता का, की नीट खेळून सामना संपवता. तसं नीट खेळणं मला अजून प्रत्येक वेळी जमत नाही.

*प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याशी खेळताना मी मुद्दाम हरतो. आता थांबवू का?*

नऊ वर्षांचा? मग त्याला कळलेलं आहे, फक्त तो बोलत नाही. (हशा) मुद्दाम हरू नका. सुरुवातीलाच त्याला विचारा, “तुला काय हवं? दोन री-रोल जास्त घेतोस का?” तो घेईल किंवा नाही म्हणेल. घेतले तर ते कुठं वापरायचे हे त्याला ठरवू द्या, आणि मग तुम्ही पूर्ण जोर लावून खेळा. हरला तर थोडा वेळ चिडेल. पण जिंकला तर ती जीत त्याची स्वतःची असेल, आणि तो ती आईला जाऊन सांगेल.

वेळ संपली असं संयोजक खुणावतायत. मूर्ती इथं टेबलावरच आहेत, ज्यांना हातात घेऊन बघायच्या असतील त्यांनी पुढं या. हाफलिंग जरा जपून हाताळा, त्याचा हात एकदा निखळला होता, परत चिकटवलाय.